आंबाखोऱ्याचा फेरा

१

लोणखेड्यात पहाटे म्हशींचं दूध काढायला उठणाऱ्या माणसांना हेमराज चौधरी रोज दिसायचा. केळीच्या बागांमधून जाणाऱ्या पाटाच्या चारीच्या रस्त्याने, कपाळाला बॅटरी बांधून, तो पळत जायचा आणि उजाडता उजाडता पळतच परत यायचा. डॉक्टरांनी रक्तात साखर निघाल्याचं सांगितलं तेव्हा तो चालायला लागला होता, चालता चालता पळायला लागला, आणि पुढे पळणं हीच त्याची ओळख होऊन बसली. भावकीत हेमराज नावाची दोन-तीन माणसं होती. पण ‘पळणारा हेमराज’ म्हटलं की कोणी पुढे काही विचारत नसे.

त्या ओळखीला गेल्या वर्षी तडा गेला. शहाद्याच्या रंजिता मॅडमनी तोरणमाळला डोंगरातली लांब पल्ल्याची शर्यत सुरू केली होती. हेमराजने मोठ्या हौसेने नाव दिलं, गावभर सांगितलं, आणि निम्म्या वाटेवर पोटात कळ येऊन बसला तो बसलाच. पाण्याचे जार वाहणाऱ्या टेम्पोत बसून तो परत आला. ही बातमी गावात त्याच्या आधी पोचली. पानटपरीवर भटू त्याला पाहिलं की विचारायचा, “हेमराजभाऊ, टेम्पोना कितवा नंबर उना?” सगळे हसायचे, तोही हसायचा. घरी जेवायला बसल्यावर मात्र त्याचा घास मध्येच थांबायचा. त्याची बायको दिपाली काही विचारत नसे. ताटात भाजी वाढायची आणि उठून जायची.

यंदा तो पुन्हा आला होता. तोरणमाळच्या खोलीवर, बाहेर अजून अंधार असताना, दिपालीने त्याच्या भगव्या शर्टावर नाव-गाव छापलेला कागद टाचण्यांनी लावून दिला. पाठीवरच्या पिशवीत दशम्या ठेवल्या. मग दारात उभी राहून म्हणाली, “नही जमनं तं थांबी जा. कोनी काही म्हनत नही.”

“म्हनतस,” हेमराज म्हणाला आणि बाहेर पडला.

२

तलावावर वाफ धरली होती. शिट्टी झाली आणि सगळे पळत सुटले. पहिले काही तास हेमराजचे चांगले गेले. वाळलेल्या गवतातून, सागाच्या पानांच्या चुऱ्यावरून, एका टेकडीवरून दुसरीवर. वाटेवर जागोजागी झाडांना लाल रिबिनी बांधलेल्या होत्या. ऊन चढलं, अंगातला गारठा गेला, आणि त्याला वाटलं, यंदा होतंय.

मग एका उतारावर मुरमावरून त्याचा डावा पाय सरकला. घोट्यात काहीतरी करकरलं. तो उठला, दोन पावलं चालला, पुन्हा पळायला लागला; पण आता लोक त्याला मागे टाकून जाऊ लागले. पोरीसोरी गेल्या, सुरतेचे एक पिकल्या केसांचे काका “चलो चलो” म्हणत गेले. दुपार झाली तेव्हा त्याच्या पुढेही कोणी दिसत नव्हतं आणि मागेही. मागे फक्त गोवाल असणार होता. हा डोंगरातलाच तरणा गडी. सगळ्यांच्या शेवटी चालून रिबिनी सोडवायच्या आणि कोणी राहिलं तर त्याला घेऊन यायचं, हे त्याचं काम.

अशा वेळी हेमराज आंबाखोऱ्याच्या कडेला पोचला.

पठार तिथे एकदम तुटतं. कडेवर एक मोहाचं जुनं झाड. त्याच्या बुंध्यापासून वाट खाली खोऱ्यात उतरते, ओढा ओलांडते, पाड्यातून वळते आणि दुसऱ्या अंगाने चढून पुन्हा कडेवर येते. सगळ्या शर्यतीतला हाच अवघड भाग. ‘फेरा’ म्हणायचे सगळे त्याला. खाली पाड्यातली घरं काडेपेटीएवढी दिसत होती.

हेमराज पाय बघायला म्हणून मोहाखाली बसला. घोटा सुजून बुटात मावत नव्हता. त्याने मान वर केली तेव्हा डावीकडे, कडेकडेने गवतातून गेलेली गुरांची वाट त्याला दिसली. आणि त्या वाटेच्या टोकाला, हाकेच्या अंतरावर, एक लाल रिबीन फडफडत होती. खोऱ्यातून वर आलेल्यांसाठी बांधलेली.

त्याने काही ठरवलं नाही. निदान नंतर त्याला तसंच वाटत राहिलं, की आपण ठरवलं नव्हतं. तो उठला आणि गुरांच्या वाटेने चालू लागला.

३

रिबिनीजवळ पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की असं लगेच पुढे जाता येणार नाही. फेऱ्याला वेळ लागतो. इतक्या लवकर वर आलेला माणूस कोण खरा मानेल? जवळच खडकांचा एक पुंजका होता. त्याच्या मागे तो जाऊन बसला, गुडघे पोटाशी घेऊन. बेचाळिशीचा, दोन मुलींचा बाप, सोसायटीचा संचालक माणूस, लपाछपीत लपावा तसा. त्याने मुठीत माती घेतली आणि पोटऱ्यांना चोळली. बाटलीतलं पाणी चेहऱ्यावर आणि शर्टावर शिंपडलं. हे सगळं करताना तो स्वतःच्या हातांकडे बघत नव्हता.

बराच वेळ काही आवाज नव्हता. वारा, आणि कुठेतरी होला घुमत होता.

मग खालून शिट्टी आली. बारीक, लांबलेली. थोडं थांबून पुन्हा. पुन्हा. सगळ्या धावपटूंच्या पिशवीला एक प्लास्टिकची शिट्टी अडकवलेली होती. सकाळी रंजिता मॅडमनी बजावून सांगितलं होतं, अडचणीत असाल तर अशीच वाजवा, थांबून थांबून, आणि ज्याला ऐकू येईल त्याने शर्यत सोडून तिकडे जायचं.

हेमराजचा हात आपोआप पिशवीकडे गेला. त्याची शिट्टी जागेवर होती.

त्याने विचार केला. सगळे पुढे गेलेत, मी शेवटचा. म्हणजे खाली धावपटू कोणी असणारच नाही. गुराखी पोरं असतील. कोणाची तरी शिट्टी पडली असेल, पोरांना सापडली असेल. हे पटण्यासारखं होतं. तरी शिट्टी वाजत राहिली, आणि पोरं वाजवतात तशी ती वाजत नव्हती. दम खाऊन वाजवल्यासारखी वाजत होती. आत्ता उठून कडेवर जावं, खाली हाक मारावी, असं त्याला वाटलं. पण मग कोणी विचारलं असतं, तू इथे काय करतोयस?

तो उठला नाही.

थोड्या वेळाने गाणं गुणगुणत गोवाल आला. हेमराजने खडकाच्या फटीतून पाहिलं. गोवालने मोहाची रिबीन सोडली, वाकून मातीत पाहिलं, आणि तोंडाभोवती हात धरून खोऱ्यात हाक दिली, “ओ भाऊ!”

खालून उत्तर आलं. “ओ…”

पुरुषाचा आवाज. दमलेला, पण लगेच आलेला, जणू तो माणूस हाकेचीच वाट बघत होता. गोवाल समाधानाने हसला, रिबीन खिशात कोंबली आणि खाली उतरला. त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत हेमराज खडकामागून हलला नाही. गुराखी असेल, त्याने पुन्हा मनाशी म्हटलं. गुराखीही ओ देतात.

४

वळणापलीकडे पळसाच्या झाडाखाली पाण्याची जागा होती. तिथे वाहरू बसला होता. वाहरूचं घर खालच्या पाड्यातच. शर्यतीच्या दिवशी तो वर येऊन धावणाऱ्यांना पाणी आणि केळी द्यायचा. हेमराज लंगडत येताना दिसला तसा तो उठून सामोरा आला, त्याच्या काखेत हात घालून त्याला दगडावर बसवलं.

“या भाऊ, या. लई हाल झाले तुमचे. खालून आले ना?”

“हो,” हेमराज म्हणाला.

इतकं सोपं होतं ते. वाहरूने दुसरं काही विचारलं नाही, कुठे काही तपासलं नाही. केळ सोलून हातात दिलं.

“आमच्या घरी थांबले का? आई ताक देते सगळ्यांना. तुळशीबाई. दोन दिवस झाले ताकाचीच तयारी चाललीय तिची.”

केळ्याचा घास हेमराजच्या तोंडात फिरत राहिला. “प्यायलो ना,” तो म्हणाला. “फार छान होतं.”

वाहरूचा चेहरा उजळला. “सांगतो तिला. लोणखेड्याचे भाऊ बोलले म्हणून सांगतो.” मग तो कान देऊन म्हणाला, “मघापासून शिट्टीसारखं काहीतरी वाजतंय. तुम्ही ऐकलं का खाली?”

“नाही.”

“मागे कोणी राहिलंय?”

“गोवाल येतोय. बाकी कोणी नाही.”

हेमराज उठला. निघताना वाहरूने त्याची बाटली भरून दिली, पिशवीचा बंद नीट केला, आणि पाठीवर थाप मारली. ती थाप पुढे कितीतरी वेळ त्याला पाठीवर जाणवत राहिली. पळताना तो दोनदा मागे वळला. वाट मोकळी होती.

५

तलावाच्या काठी मांडव होता. हेमराज येताना दिसला तशी लोकांनी टाळ्या सुरू केल्या. आधी आलेले धावपटू चहाचे पेले घेऊन उभे होते, ते बाजूला झाले आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. शेवटून आलेल्याचं कौतुक पहिल्यापेक्षा जास्त होतं. रंजिता मॅडमनी गळ्यात मेडल घातलं. कोणीतरी व्हिडिओ काढला, आणि तो लोणखेड्याच्या ग्रुपवर गेल्याचं फोन थरथरू लागल्यावरून कळलं. भटूचाही निरोप होता: मानले भाऊ.

दिपालीने त्याला खुर्चीवर बसवलं आणि ओल्या फडक्याने त्याच्या पोटऱ्या पुसू लागली. एका फटक्यात माती निघून गेली. खाली कातडी स्वच्छ होती, एक ओरखडासुद्धा नाही. तिने शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीच्या पायांकडे पाहिलं. त्या मुलीचे बूट ओढ्याच्या पाण्याने भिजून मातीने लाल झाले होते.

“तुम्हना बूट तं कोरडा शेतस,” दिपाली म्हणाली.

“उन्हमा सुकी गयात.”

ती पुसत राहिली.

तेवढ्यात रंजिता मॅडमच्या कमरेचा वायरलेस खरखरला. गोवाल बोलत होता. तुळशीबाईच्या अंगणातूनच काय तो आवाज पोचायचा, तोही तुटत तुटत.

“मॅडम, इथं एक भाऊ बसलेत. ओढ्यापाशी पडले. पाय लई सुजलाय, चालता येत नाही.”

“कोण भाऊ? सगळे आलेत गोवाल.”

“आपले हेमराजभाऊ. लोणखेड्याचे.”

रंजिता मॅडम हसल्या. “हेमराजभाऊ इथे माझ्यासमोर बसलेत. मेडल घालून.”

मग गोवाल म्हणाला, “मॅडम, शर्टावर नाव लावलेलं आहे. मी वाचतोय ना.”

मांडवातल्या गप्पा कमी झाल्या. हेमराजने छातीवर हात नेला. कागद होता, चारही टाचण्या होत्या. वायरलेस जुने आहेत, त्याने मनाशी म्हटलं. गोवालला नीट वाचता येत नसेल. दुसऱ्या कोणाचं तरी नाव असेल. पण आत कुठेतरी, घोट्याच्याही खाली, त्याला गार वाटू लागलं होतं.

रंजिता मॅडम त्याच्याजवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “भाऊ, काहीतरी घोटाळा दिसतोय. तुम्ही गोवालच्या पुढे होता. ओढ्यापाशी तुम्हाला कोणी दिसलं का?”

नाही म्हणावं तर इतक्या अरुंद वाटेवर पडलेला माणूस दिसला कसा नाही? आणि मी तिथे नव्हतोच, हे तर जिभेवर यायला तयार नव्हतं. लोक बघत होते. मेडल गळ्यात होतं.

“दिसला एक जण,” तो म्हणाला. “बसला होता.”

“मग? तुम्ही थांबला नाहीत?”

“वेळ चालला होता… मला वाटलं, मागून गोवाल येतोय.”

चहाचे पेले घेतलेली माणसं जमिनीकडे बघू लागली. सुरतेचे काका हळूच पाठमोरे झाले. दिपालीचा हात त्याच्या पोटरीवर होता, तो तिने उचलून घेतला. जे केलं ते झाकायला आपण न केलेलं पाप पदरात घेतलं, असं हेमराजच्या मनात आलं. आणि लगेच शिट्टी आठवली. न केलेलं तरी कसं म्हणावं?

वायरलेस पुन्हा बोलला. “मॅडम, हे वहिनींशी बोलायचं म्हणतात. देऊ का?”

रंजिता मॅडमनी तो सेट दिपालीच्या हातात दिला. आधी नुसता श्वास आला. मग, “दिपाली.”

मोबाइलच्या व्हिडिओत स्वतःचा आवाज ऐकला की माणसाला तो परका वाटतो. हेमराजला तसंच वाटलं. आवाज त्याचा होता.

“घाबरू नको. ओढामा मन्हा पाय सरकना. शिट्टी मारी, वर कोनीतरी व्हतं, पन उनं नही. मी टेम्पोमा बसाव नही. मी पुरं करसू.”

दिपाली सेट कानाशी धरून मांडवाच्या बाहेर गेली. तलावाकडे तोंड करून तिने काहीतरी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, लांबलचक. ती मान हलवत राहिली. शेवटी तिचे एवढेच शब्द ऐकू आले, “तठेच ऱ्हा. मी येस.”

ती परत आली तेव्हा हेमराज उठून उभा होता. “कोनीतरी मजाक करी ऱ्हायना,” तो म्हणाला. “तुले समजत नही का?”

दिपालीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. “तुम्ही खाले गयथात ना?”

आत्ता, त्याला वाटलं. आत्ता सांगता येईल. ती एकटीच ऐकतेय, हळू सांगितलं तर बाकी कोणाला कळणारही नाही. त्याने तोंड उघडलं.

“गयथू.”

तिने मान डोलावली. बाजारात दर पटला नाही की भाजीवालीकडे बघून डोलवावी तशी. आणि ती मॅडमच्या जीपकडे चालू लागली.

६

कडेवर पोचेपर्यंत ऊन पार उतरलं होतं. हेमराज जीपमध्ये मागे बसून आला होता. ये असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. मेडल त्याने शर्टाच्या आत सारलं होतं.

खालून माणसांचा आवाज येत होता. या डोंगरात आजारी माणसाला वर आणतात तसं, बांबूला कापडाची झोळी बांधून, चौघं जण आळीपाळीने खांदा देत चढत होते. पुढे वाहरू होता. मागे गोवाल. झोळी जड होती. बांबू मध्ये वाकला होता आणि दर पावलागणिक करकरत होता.

ती वळणावरून पुढे आली आणि हेमराजला एक पाय दिसला. कापडाच्या बाहेर आलेला, डावा. बूट ओला, नाडी सोडलेली. घोटा फुगून काळानिळा झालेला. पोटरीवर काट्यांचे ओरखडे, त्यांवर सुकलेली लाल माती, आणि ती माती चोळलेली नव्हती. चालता चालता, पडता पडता चढलेली होती.

दिपाली पुढे धावली. झोळीतून एक हात वर आला आणि तिने तो धरला. ती वाकली, ओढणीच्या टोकाने आत काहीतरी पुसू लागली, चेहरा असणार. ती हळू आवाजात बोलत होती, आणि आतून कोणीतरी उत्तर देत होतं. मग ती हसली. थोडंसंच, रडता रडता. वर्षभरात हेमराजने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

चार पावलं पुढे गेलं की झोळीत बघता आलं असतं. बघायला हवं, त्याने स्वतःला बजावलं. कोण आहे ते एकदा दिसलं की संपलं. माणूस असेल, चोर असेल, वेडा असेल. पण त्याची मान वर होईना. भीतीने नाही. लहानपणी वर्गात सगळ्यांसमोर उभं केलं की मान जशी वर होत नसे, तशी होईना. आपण बघू तेव्हा तोही आपल्याकडे बघेल, हे त्याला सोसवेना.

“ओ भाऊ,” खांदा दिलेला एक माणूस धापा टाकत म्हणाला. “जरा हात द्या हो.”

हेमराज खाली बघतच गेला आणि मागचा बांबू त्याने खांद्यावर घेतला. वजन एकदम अंगावर आलं. ते किती आहे हे त्याला कोणी सांगायला नको होतं. रोज सकाळी चारीच्या रस्त्याने तो तेच वजन घेऊन पळत होता. त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर कापड श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. त्याला घामाचा वास आला. ओळखीचा.

जीपपर्यंत पोचता पोचता त्याचा दुखरा पाय अडखळला. झोळीला हिसका बसला.

“हळू, भाऊ,” आतून आवाज आला. अगदी शांत, समजूत घातल्यासारखा. “व्हई जास असं.”

७

झोळी मागच्या बाकावर आडवी ठेवली. दिपालीने ते डोकं मांडीवर घेतलं. गोवाल पुढे बसला. जीपमध्ये जागा उरली नाही. रंजिता मॅडम दार लावता लावता थांबल्या, त्यांनी हेमराजकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. जिभेवर आलेलं नाव आठवत नसलं की माणूस करतो तसं.

“तुम्ही… मागच्या गाडीने या हं,” त्या म्हणाल्या.

काचेतून त्याला दिपालीची पाठ दिसत होती. ती वळेल म्हणून तो बघत राहिला. जीप सुरू झाली, वळली, झाडीत गेली. बराच वेळ तिचा आवाज ऐकू येत होता, मग तोही गेला. मागची गाडी म्हणून काही नव्हतं.

कडेवर आता चौघं झोळीवाले आणि तो. वाहरू खांदा चोळत बांबूवरचं कापड सोडत होता. दुपारी त्याने ज्याला काखेत हात घालून बसवलं होतं, ज्याला केळ सोलून दिलं होतं, त्या माणसाकडे त्याने मान वर करून पाहिलं. वागण्यात तीच माया होती. ओळख नव्हती.

“तुम्ही कोणाबरोबर आलेत भाऊ?”

हेमराजने छातीवर हात नेला. कागद कधी पडला होता कोण जाणे, चार टाचण्या तेवढ्या राहिल्या होत्या. तो म्हणाला, “मी फेऱ्यात गेलोच नाही. इथे बसून होतो. त्या खडकामागे. शिट्टी ऐकली, तरी उठलो नाही. तुम्हाला खोटं बोललो. ताक प्यायलो म्हणालो, तेही खोटं.”

दिवसभर जे सांगवत नव्हतं ते इतक्या थोड्या शब्दांत मावलं होतं.

वाहरूने नीट ऐकून घेतलं. मग त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांनाही काही कळलं नव्हतं. “माझ्याशी बोलले तुम्ही?” तो म्हणाला. “कधी? आज तर तुम्ही दिसले नाही. लोणखेड्याचे भाऊ तेवढे राहिले होते, ते आता गेले.” वाहरूला या माणसाचं वाईट वाटलेलं दिसलं, कारण पुढचं तो अगदी हळू बोलला. “असू द्या. दमले असाल. अंधार पडतोय, एकटं बसू नका इथं. आम्ही खाली चाललोय. चला.”

एकाने कापडाची घडी केली, एकाने बांबू खांद्यावर टाकला. चौघं ओळीने कडेवरून उतरू लागले, आपसात त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलत, हसत. हेमराजला त्यातला शब्दही कळत नव्हता. तो मोहापाशी क्षणभर थांबला, पठाराकडे, जीप गेली त्या बाजूला बघितलं. मग खडकाला हात धरून त्याने दुखरा पाय खालच्या दगडावर ठेवला.

“जपून,” वाहरूने पुढून आवाज दिला. “इथून पुढे घसरण आहे. तुम्ही पहिल्यांदाच उतरताय ना?”

“हो,” तो म्हणाला.

पुढच्या माणसाची पाठ अजून दिसत होती. तिच्यावर नजर ठेवून तो उतरत राहिला.